वामनाला कुणी निजवलं

त्या वर्षी मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले होते आणि जे दिसेल ते टप्प्याटप्प्यानं मांडायची मला खोड लागली होती. नवरात्रातल्या कोलूसाठी पायऱ्यांवर दशावताराच्या बाहुल्या लावताना मी भुवनाअक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, सांगू लागले.

"हे माणसाचं मनच आहे बघ. मत्स्य म्हणजे पोटातलं पोर. कूर्म म्हणजे भ्यालं की हातपाय आत घेणारं. वराह मातीत लोळणारं, नरसिंह आरडाओरडा करणारं. वामन झालं की पोर उभं राहून मागायला शिकतं."

"आणि परशुराम?"

"कॉलेजातलं. आईबापांवर कुऱ्हाड उगारून."

"म्हणजे तू!" अक्का हसली. मग हळूच म्हणाली, "आमची हरिता कुठे गं?"

"कासवावर," मी बोलून गेले. अक्काचं हसू मावळलं.

हरिता तिची मुलगी, साडेतीन वर्षांची. फेब्रुवारीत तिचे वडील मस्कतला नोकरीवर गेले, तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. दसऱ्यानंतरच्या सोमवारी तिला त्रिचीच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं. पोरीला आपलं बोलणं कळतं तरी का, ही एकच धास्ती अक्काला होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या सरोजा मामी हळदीकुंकवाला आल्या. हरभऱ्याच्या सुंडलचा द्रोण हातात घेऊन कोलू बघता बघता थबकल्या.

"अगबाई, वामनाला कुणी निजवलं? अजून पाच दिवस आहेत की!"

आमच्याकडे दसऱ्याच्या रात्री एक बाहुली आडवी करतात. म्हणजे कोलू संपला. मामींनी वामन उभा केला. हरितानं येऊन तो परत आडवा केला. मामींनी पुन्हा उभा केला, तिनं पुन्हा निजवला आणि वर हातरुमाल पांघरला.

"भुवना, तुझ्या लेकीला सणाची घाई झालीय बघ!"

तीनदा तेच, म्हणजे हा चाळा नव्हता. मी अक्काला विचारलं, "हिला कोलूबद्दल कुणी काही सांगितलंय का?"

अक्का तिथेच बसली.

"मीच. बाहुल्या निजल्या की अप्पा येतील म्हटलं होतं, दोन महिन्यांमागं. तेव्हा ते येणारच होते गं. मग पत्र आलं, अजून एक वर्ष काढायचंय म्हणून. ते हिला सांगायचा धीर झाला नाही."

दोन महिने पोरीनं ते वाक्य जपून ठेवलं होतं. मी कासवाला नुसतं भित्रं समजले होते. पाठीखाली बसून ते सगळं ऐकत होतं.

अक्कानं तिला समोर घेतलं. "हरिता, अप्पा आत्ता येत नाहीत. कुठलीही बाहुली निजवली तरी नाही. पुढच्या वर्षी येतील. आधी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही."

हरिता तिच्याकडे बघत राहिली. मग एवढ्या मोठ्यानं ओरडली की मामींच्या हातचा द्रोण पडला. ती दोन्ही मुठींनी आईच्या छातीवर मारू लागली. मी अडवायला गेले तर अक्कानं मानेनंच नको म्हटलं. मार खात ती तशीच बसून राहिली.

हळूहळू मुठी थकल्या.

"अप्पा पाहिजे," हरिता म्हणाली. आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ.

अक्कानं तिला पोटाशी धरलं. "हो गं राणी," ती म्हणाली, "मलाही पाहिजेत."