आई नसलेलं कोकरू आणि मी

मित्रांनो, मी वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका शाळेतला जुना लॅपटॉप आहे. माझी दोन बटणं निखळलीत आणि वायर काढली की मी लगेच मान टाकतो.

भोरहून टेम्पोतून आलो तेव्हा माझ्यापुढं नारळ फोडला, मला कुंकू लावलं आणि कपाटात कोंडलं. पोरं मोडतील म्हणे. यंत्र जपायचं आणि पोरं अडाणी ठेवायची, ही कसली राखण?

मग शेफालीबाई शिकवायला आल्या. त्यांनी मला बाहेर काढलं आणि पोरांना सांगितलं, पुस्तकातलं राहू द्या, तुम्हाला आवडतं ते बनवा. पुढच्या बाकावरच्या गोरखनं माझ्या पडद्यावर घाट चढणारी एसटी बनवली. धनगरवाड्यावरची कोमल वर्गात तोंड उघडत नसे. तिनं मेंढ्या काढल्या, कोकरं काढली. आपण सांगू तसं हे यंत्र वागतं, एवढं तिला कळलं आणि तिची बोटं माझ्यावरून हलेनात. कोकरू आईला भिडलं की थांबायचं, असा हुकूम तिनं मला दिला. सगळी थांबली. एक मात्र पडदाभर पळतच राहिलं.

"त्ये येडं हाय. पुसून टाक," गोरख म्हणाला.

"येडं न्हाई. त्याची आई मेलीया."

हेडमास्तर धनाजी गुरुजी वैतागले. साहेब तपासणीला येणार, त्यांना मेंढरं काय दाखवायची? आजच्या आज हे पुसा आणि लॅपटॉप कपाटात ठेवा, असं त्यांनी बजावलं.

शाळा सुटत आली होती. कोमल रडली नाही. तिनं पडद्यावर एक मुलगी काढली. मुलीनं दुसरी मेंढी धरली, की कोकरानं तिला प्यायचं, असा नवा हुकूम दिला. आधी ते मुलीलाच लुचू लागलं. वर्ग हसला, कोमलही हसली. तिनं हुकूम बदलला. मग कोकरू मेंढीखाली शिरलं आणि थांबलं.

गुरुजी मागंच उभे होते. कपाटाकडं जायचं सोडून ते वाकून बघू लागले.

"परकी मेंढी अशी गुमान उभी राहती व्हय? लाथ मारंल की."

"मारतीच, गुरुजी. सवय लागंस्तवर धरावी लागती. लाथ उद्या करते."

गुरुजी सरळ झाले. मग म्हणाले, "कर उद्या."

मित्रांनो, तेव्हापासून मी टेबलावरच आहे. झिजतोय, पण मजेत आहे. मला कोरड्या फडक्यानं पुसा, माझ्यावर पाणी सांडू नका, एवढंच मागणं. आणि जपायच्या नावाखाली मला कुणी पुन्हा कोंडलं, तर गप्प बसू नका. भांडा.