तेवीस माणसं, तेवीस पत्ते

डायलिसिस केंद्राच्या तीन गाड्या रोज दुपारी चारला सुटत. कुणाला, कुठून, किती वाजता घ्यायचं याची यादी ती घरूनच तयार करी आणि गाडीवाल्यांच्या फोनवर ती आपोआप दिसे. तिला सगळे ताई म्हणत. सहा वर्षांत एकदाही घोळ झाला नव्हता.

त्या दिवशी पावणेचारला सगळ्यात जुन्या गाडीवाल्याचा, मिशीकाकांचा, फोन आला.

"ताई, मास्तरीणबाई तिसऱ्या मजल्यावर कधीपासून राहायला लागल्या?"

"छे, त्या तळमजल्यावरच आहेत."

"यादीत तिसरा मजला आहे. आणि त्यांच्या घरी सुतार आजोबांना बसवलंय."

तिने यादी उघडून पाहिली. जवळजवळचे पत्ते एकाखाली एक यावेत म्हणून तीन वाजता तिने ते क्रमाने लावले होते. पण निवडला होता फक्त पत्त्यांचा रकाना. पत्ते मुकाट वरखाली झाले आणि नावं, वेळा जागच्या जागी राहिल्या. तेवीस आजारी माणसं एकमेकांच्या घरी राहायला गेली होती, आणि तिला पत्ताच नव्हता.

"काका, कुणाला निघू देऊ नका. दहा मिनिटं द्या."

"दहाच हं. परवा थोडा उशीर झाला तर सुतारांना केवढा दम लागला होता!"

यादीची सकाळची प्रत इंटरनेटवर जपलेली असते, ती परत आणता येते, हे तिला माहीत होतं. तिने बटण दाबलं. गोल चकती फिरत राहिली. नेट गेलेलं. फोनवर या इमारतीत जेमतेम बोलता येई. लॅपटॉप छातीशी धरून ती खिडकीपाशी गेली, दारापाशी गेली, पुन्हा आत आली. मग दिवाणखान्यात धावली. फळीवर राउटर नव्हता.

"बाबा, राउटर कुठाय?"

"मघाशीच कपाटात ठेवला. धूळ बसत होती." बाबा जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेले, वस्तू नीट ठेवायची त्यांची सवय. "मागच्या भोकातून वायरी घेतल्यात, बघ."

"लोखंडी कपाटात? बाबा, लोखंडातून त्याच्या लहरी बाहेर कशा येतील? मोकळ्या जागी, उंचावर ठेवायचा असतो तो!" आवाज चढला होता, तिलाच कळत होतं.

 बाबांनी उठून पलंगाखालून वायरचं भेंडोळं ओढलं, एक टोक राउटरला लावलं, दुसरं तिच्या हातात दिलं. "वायरीने जोड. हवेवर विसंबू नकोस."

चकती थांबली. सकाळची यादी आली. चारला पाच कमी होते.

"काका, मी एकेक नाव वाचते, पत्ता तुम्ही तोंडपाठ सांगा."

अठरा नावं जुळली. एकोणिसाव्याला काका अडले. "सुतार आज लेकीकडे आहेत ना? दुपारी तुम्हीच कळवलं होतं."

 लेकीचा पत्ता तिने जेवणानंतर भरला होता. सकाळची प्रत परत आणताना तो पुसला गेला. काका अडले नसते, तर गाडी बंद दारासमोर जाऊन उभी राहिली असती. तिने तो पुन्हा भरला, उरलेली चार नावं जुळवली, मग वरून खाली सगळं दोनदा वाचलं. गाड्या चार वाजून नऊ मिनिटांनी सुटल्या.

पाऊण तासाने काकांचा फोन आला. "पोचले सगळे. बाकीच्या दोघा गाडीवाल्यांना मी सांगितलं, कॉम्प्युटर बिघडला होता. तुमचं नाव नाही काढलं."

हो म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं. ती खोलीत येरझारा घालत होती.

"कॉम्प्युटर धड होता, काका. मी चुकले. त्यांनाही तसंच सांगा. आणि पुन्हा असं काही विचित्र दिसलं, तर आजच्यासारखंच लगेच विचारा."

"बरं. मला आपलं वाटलं..."

"माहीत आहे हो."

फोन ठेवून तिने पहिल्या रकान्यात एक ते तेवीस आकडे घातले, म्हणजे क्रम कितीही हलवला तरी मूळ क्रम परत लावता येईल. मग सबंध तक्ता निवडून तो एकदा उलटा लावला, पुन्हा सुलटा. सगळं बरोबर आलं. तरी तिने सुतारांच्या लेकीला फोन लावला.

"तुमचे वडील खरंच पोचलेत ना?"

"हो, आत्ताच बोलले. का हो?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि मास्तरीणबाईंचा नंबर शोधू लागली.