चार वाजून दहा

आमच्या ज्योतिष मंडळात गणितं करणारी मी एकटीच. त्यामुळे चूक झाली तर ती माझीच, हे आधीच सांगून टाकते.

हॅम्बुर्गमधले लोक आम्हाला खुळ्यांचा बाजार म्हणतात. म्हणोत बापडे. नेपच्यूनच्या पलीकडचे, कुठल्याच दुर्बिणीला न दिसलेले ग्रह आम्ही मानतो. माणसांच्या घरात काय काय घडलं ते मांडायचं आणि त्यावरून ग्रह कुठे असेल ते उलटं काढायचं, ही आमची रीत. असे आठ आधीच होते. एकावन्न साली ब्रोडरसन मास्तरांनी नववा काढला. मास्तर पूर्वी जमीन मोजणीच्या खात्यात होते. आता आभाळ मोजतात, पेन्शनीत दुसरं करणार काय?

त्या शनिवारी कॅफेच्या माडीवर त्यांनी अकरा कुंडल्या मांडल्या. सगळी साठीच्या आसपासची माणसं, आणि सगळी परक्या घरी वाढलेली. प्रत्येकाच्या कुंडलीत नववा ग्रह बरोबर सूर्य-चंद्राच्या मधोमध.

"आता साधी, चारचौघांसारखी कुंडली बघू," मास्तर म्हणाले. "विबकेची घ्या. तिची वेळ पक्की आहे."

माझी जन्मवेळ म्हणजे मंडळाची शान होती. इतरांच्या आया सांगत, दूधवाला येऊन गेल्यावर, नाहीतर दिवे लागता लागता. माझी आई सांगे, सव्वीस सालच्या मार्चची नऊ तारीख, दुपारी चार वाजून दहा. चार मिनिटं चुकली की आमच्यात कुंडली एक अंश सरकते. दोन मिनिटांवरून मी भल्याभल्यांना झापलेलं आहे.

मास्तरांनी अंशांची तबकडी फिरवली. काटा मधोमध जाऊन थांबला.

"विबके, घरी जाऊन आईला विचार गं बाई," हार्मस काकू म्हणाल्या, आणि माडीभर हशा पिकला. मीही हसले.

घरी येऊन आईला तेच रंगवून सांगितलं. आई बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडली. म्हातारीला थट्टा झोंबली, एवढंच मला वाटलं.

पण दोन दिवस ती धड बोलेना, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मंगळवारी कॅफेच्या माडीवर जाऊन नवव्या ग्रहाची मी केलेली सगळी कोष्टकं काढून बसले. आणि सापडलं. चोवीस सालच्या बेरजेत हातचा एक घ्यायलाच विसरले होते. तिथून पुढची सगळी पानं दहा अंशांनी चुकलेली. ते अकराजण जुन्या सालांतले, त्यांना धक्का नाही. चुकली होती ती फक्त माझी कुंडली. तिच्यात मधोमध काहीच नव्हतं.

एवढा आनंद मला परीक्षा पास झाले तेव्हाही झाला नव्हता. कोपऱ्यावरून लोण्याचा केक घेतला आणि जवळजवळ धावतच घरी आले.

आई स्वयंपाकघरात बसली होती. समोर टेबलावर एक पिवळी पडलेली लोकरी शाल.

"बस," ती म्हणाली. "मध्ये बोलू नकोस. तुझ्या ग्रहानं खरं सांगितलं."

केकचा पुडा माझ्या हातातच राहिला.

"माझं बाळ पोटातच गेलं होतं. तुला जन्म देणारी पोरगी मळ्यातली, एकोणीस वर्षांची. सहाच्या बोटीनं अमेरिकेला निघाली होती. सुईणीनं तिला आणलं, कागदही तिनंच केले. दारात या शालीत गुंडाळून तुला माझ्या हातात दिलं तेव्हा मी वर घड्याळाकडे बघितलं. चार वाजून दहा. तू जन्मलीस कधी ते मला नाही माहीत, विबके. घरात आलीस ती वेळ माहीत आहे."

पंचवीस वर्षं मी जिला आई म्हणत होते, तिच्याकडे मी बघत राहिले. तेच नाक, तोच जाड चष्मा, बटाट्याच्या सालींनी काळी झालेली तीच बोटं. आणि मला रागसुद्धा येईना. तोंडातून आलं ते भलतंच.

"आई, गणित चुकलं होतं. हातचा राहिला होता. माझ्या कुंडलीत तो ग्रह नाहीच."

तिला कळायला वेळ लागला.

"नाही?"

"नाही."

"म्हणजे मी गप्प बसले असते तर चाललं असतं," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी शाल घट्ट धरली. जणू मी ती उचलून फेकून देईन. "पंचवीस वर्षं तोंड शिवून ठेवलं गं मी. आता मला काय म्हणशील तू?"

मी पुड्याची दोरी सोडली.

"आई म्हणेन, दुसरं काय म्हणणार? सुरी दे."

आम्ही केक खाल्ला. मग आईने डोळे पुसले आणि अपराध्यासारखं म्हणाली, "आणखी एक. ते घड्याळ तेव्हा पाच मिनिटं पुढं असायचं. कामाला उशीर नको म्हणून तुझे बाबा मुद्दाम ठेवायचे."

मास्तरांना मी कोष्टक दुरुस्त करून दिलं. मंडळातल्या माझ्या कुंडलीच्या कार्डावर मात्र चार वाजून दहाच आहे.