बोरिवली सहाव्या नंबरवर

बी.एड.साठी कॉलेजांचे पसंतीक्रम भरायची शेवटची वेळ होती गुरुवारी संध्याकाळी पाचची, आणि मी सोमवारपासून तीच यादी खालीवर करत होते. गणितात बी.एस्सी. होऊन सात वर्षं झाली, प्रांजल आता तीन वर्षांची आहे. यंदा शिक्षिका व्हायचं, नाहीतर मग राहूनच जाईल, हे मी नवऱ्याला, म्हणजे राजेशला, इतक्या वेळा ऐकवलं होतं की तो यादी न बघताच म्हणाला, "झकास आहे यार, टाक भरून."

यादी होतीच तशी. एक्सेलमध्ये तीन रंग. लाल म्हणजे मिळालं तर नशीब, पिवळं म्हणजे जमेल, हिरवं म्हणजे मिळणारच. मला सीईटीत एकसष्ट गुण. लाल एकच, बोरिवलीचं, कारण तिथे गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश चौसष्टला झाला होता. तिथल्या मुलींना निकाल लागायच्या आत शाळा नोकरीला बोलावतात. मला तेच हवं होतं. पण मिळणार नाही त्याला वरचा नंबर कशाला, म्हणून सहावा दिला. वरची पाच आमच्या घाटकोपरच्या आसपासची.

ती पाचही कॉलेजं माझे सासरे जाऊन बघून आले. मी सांगितलं नव्हतं. बाबांनी आधी गिरणीत आणि मग साकीनाक्याच्या वर्कशॉपात आयुष्य काढलं, आता रिकामं बसवत नाही. एका ठिकाणचा जिना अंधारा, दुसरीकडे पाण्याचा कूलर बंद, तिसरीकडचा वॉचमन आमच्या मालवणचा निघाला म्हणून ते कॉलेज चांगलं, असे अहवाल रोज जेवताना यायचे.

बुधवारी बालवाडीला सुट्टी होती, म्हणून सकाळी दहाला ते प्रांजलला बागेत घेऊन गेले. साडेबाराला मी फोन केला, उचलला नाही. एकला मी बाग बघून आले. दोनपर्यंत माझं इमारतीतल्या सगळ्यांना विचारून झालं होतं. अडीचला दोघं आले, प्रांजल त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेली. बोरिवलीला जाऊन आले होते. मेट्रोने, मध्ये एकदा बदलून, सव्वा तास. मी भयंकर चिडले. बाबांनी तिला गादीवर ठेवलं आणि म्हणाले, "तिना एकदापण तुझा नाव काढूक नाय."

हे मला दिलासा म्हणून सांगितलं असावं. मला लागलं ते वेगळंच. साडेचार तास, आणि एकदाही नाही?

गुरुवारी दुपारी बाबांनी यादीची प्रिंट मागितली. चष्मा लावून, नावांवरून बोट फिरवत वाचली.

"ही यादी तुझी नाय गो. ही प्रांजलच्या बालवाडीची."

मी गुणांचं सांगायला लागले, रंग समजावले. ते ऐकून घेत राहिले. खरं म्हणजे पाचही कॉलेजांतून बालवाडी रिक्षाने पंधरा मिनिटांवर होती, आणि ते मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, बोरिवली वर टाकली आणि मिळाली नाही तर खालची जातात का. मी नियम उघडून वाचले. जात नाहीत. वरचं नाही मिळालं तर पुढचं बघतात. फक्त एक अट, पहिल्या नंबरचं मिळालं तर तेच घ्यावं लागतं.

"आणि मिळाला तर?" बाबा म्हणाले.

न मिळण्याची सोय मी तीन रंगांत करून ठेवली होती. मिळालं तर रोजचे अडीच तास जाण्यायेण्यात, संध्याकाळी सहाला घरी, आणि माझं नाव न काढता मजेत असलेली प्रांजल.

"बालवाडीतसून मी आणीन तिका," ते म्हणाले.

पाचला वीस मिनिटं असताना मी बोरिवली एक नंबरला नेली. बाकी पाच एकेक पायरी उतरली. ओटीपी आला, चुकून जुनाच टाकला, पुन्हा मागवला. यादी लॉक झाली. आता हात लावायची सोयच उरली नाही, तेव्हा कुठे मला नीट श्वास घेता आला.

मग मी विचारलं, काल बोरिवलीत तिला खायला काय दिलंत.

बाबा चष्मा पुसायला लागले. "ता इचारू नको."