तपासणी: फान यी-च्युन

मंगळवारी सकाळी साडेनऊला तक्रार बंद झाली. बंद करणाऱ्याने खाली हसरा चेहरा चिकटवून लिहिलं होतं: ‘कृपया डॉक्युमेंटेशन नीट वाचावे. अभिप्रायाबद्दल आभार!’

फान यी-च्युनने तोंडाशी नेलेली अंड्याची पोळी परत कागदात ठेवली आणि तक्रार वाचली. युनलिनच्या किनाऱ्यावरच्या एका लहान दवाखान्यातल्या नर्सने ती लिहिली होती. त्सोउ नावाच्या एका आजोबांचं वय दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्ये सत्त्याऐंशी दिसत होतं. खरं वय शहात्तर. आजोबांचं वजन मुळातच कमी, त्यात वय ऐंशीच्या पुढे दिसलं, म्हणून प्रोग्रॅमने रक्त पातळ करायच्या गोळीचं प्रमाण निम्मं सुचवलं आणि डॉक्टरांनी ते तसंच लिहून दिलं. तीन आठवडे आजोबा निम्मी गोळी घेत होते. नर्सचा प्रश्न एका ओळीचा होता: चूक आमची की तुमची?

दवाखान्याचा प्रोग्रॅम तारखांसाठी यी-च्युनची लायब्ररी, म्हणजे तिने लिहिलेला प्रोग्रॅमचा तयार तुकडा, वापरत होता. नऊ वर्षांपूर्वी तिने ती लिहिली आणि सगळ्यांसाठी खुली केली. कोणीही फुकट घ्यावी, आपल्या प्रोग्रॅमला जोडावी. काम एकच, प्रजासत्ताकाचं वर्ष इसवी सनात बदलायचं. तिथल्या कागदांवर वर्षं प्रजासत्ताक झाल्यापासून मोजतात; १९१२ हे पहिलं. अडतीस साली जन्मलेला माणूस अर्जावर ३८ एवढंच लिहितो. त्यात १९११ मिळवले की १९४९. पण नुसत्या दोन आकड्यांवरून ते वर्ष प्रजासत्ताकाचं की इसवी सनाचं हे यंत्राला कळत नाही. म्हणून यी-च्युनची लायब्ररी तिथे अडून बसायची. कोणतं वर्ष ते सांगा, मगच पुढे जाते, असा तिचा हेका होता. लोक वैतागत. यी-च्युन त्यांना वैतागू देत असे.

शहरातल्या कुतिंग भागात भाड्याने घेतलेल्या कामाच्या खोलीत समोरच्या टेबलावर शी पो-छेंग बसला होता. विद्यापीठात तो तिच्या आठ वर्षं मागे; दोन वर्षांपासून लायब्ररी दोघं मिळून सांभाळत होते.

“ही तक्रार तू बंद केलीस?”

“हो ताई. शुक्रवारच्या परिषदेआधी उघडी तक्रार एकही नको. परीक्षक आधी तेच बघतात.”

“वाचलीस?”

“चाळली. वापरणाऱ्याची चूक आहे. डॉक्युमेंटेशनच्या पानावर, कसं वापरायचं ते सगळं लिहिलंय की.”

“मग पान वाच. मोठ्यानं.”

पो-छेंगने वाचलं. “‘दोन आकडी वर्ष आपोआप आणि अचूक ओळखले जाते. उदाहरण: ३८ दिल्यास उत्तर १९४९.’ बघ, बरोबर आहे.”

“आता चालवून बघ.”

“अगं, उदाहरणच आहे ते...”

“चालव.”

त्याने चालवलं. पडद्यावर १९३८ आलं. दोन महिन्यांपूर्वी त्यानेच लायब्ररीत भर घातली होती. लायब्ररी आता अडत नव्हती, अंदाज करत होती. ३८ म्हणजे २०३८. ते अजून उजाडलेलं नाही, म्हणून शंभर वजा.

“हे उदाहरण आणलंस कुठून?”

“पानं एआयकडून लिहून घेतली. चारशे पानं आहेत, ताई! हातानं लिहीत बसलो असतो तर म्हातारा झालो असतो.”

“एक झाला ना म्हातारा. अकरा वर्षांनी.”

पो-छेंग हसला, मग ती हसत नाही हे पाहून थांबला.

तिने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: ‘तपासणी: फान यी-च्युन’. चारशेच्या चारशे पानांवर.

“हे मी कधी तपासलं?”

“तू मंजुरी दिली होतीस की.”

मंजुरी तिने दिली होती, हे खरं. दुसऱ्याने पाहिल्याशिवाय बदल आत घ्यायचा नाही, हा दोघांचा नियम. तिने पाहिल्या होत्या चार ओळी. चूक दाखवणाऱ्या सूचनेतला एक शब्द सुधारलेला. तिची मंजुरी मिळाल्यावर पो-छेंगने त्याच बदलात हा अंदाज आणि ही पानं ढकलली. हिरवी खूण होती तशीच राहिली. सही झालेल्या कागदावर वरच्या मोकळ्या जागेत मजकूर वाढवावा, तसं.

“सगळेच करतात, ताई,” तो म्हणाला. “डॉक्युमेंटेशन पूर्ण असल्याचा बिल्ला मिळाला आपल्याला. नऊ वर्षांत मिळाला नव्हता. वाचतं कोण एवढं?”

यी-च्युनने पोळी कागदासकट गुंडाळून टोपलीत टाकली आणि दवाखान्याला फोन लावला.

“आम्ही वाचूनच केलं हो, मॅडम,” नर्स म्हणाली. तिचं नाव कुओ सू-फेन. “आधी तुमचा प्रोग्रॅम अडायचा, मग मी आजी-आजोबांना फोन करून विचारायची. नवीन पानावर लिहिलं होतं, आपोआप ओळखतं. खाली तुमचं नाव होतं. म्हटलं, चला, फोन वाचले.”

“चूक आमची आहे,” यी-च्युन म्हणाली. “दोन आकडी वर्ष लिहिलेले सगळे रुग्ण पुन्हा तपासा. आजोबा कसे आहेत?”

“सकाळी त्यांच्या सुनेचा फोन होता. उजवा हात उचलत नाहीये म्हणाली. मी म्हटलं, इकडे आणू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या.”

फोन ठेवून तिने वर पाहिलं. पो-छेंग खुर्चीवर चढला होता. सर्व्हरवर ठेवलेली नारळाच्या चवीच्या कुरकुरीत खाऊची हिरवी पुडी उलटून तो तिच्यावरची तारीख बघत होता. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून सर्व्हरवर अशी पुडी ठेवायची तिकडे प्रथाच आहे, आणि मुदत उलटलेली पुडी तिथे राहिलेली चालत नाही.

“परवाच संपतेय,” तो काळजीने म्हणाला. “परिषदेआधी बदलायला हवी. आठवण कर हं, ताई.”

“ही तारीख वाचलीस तू,” यी-च्युन म्हणाली.

“म्हणजे?”

तिने नवी आवृत्ती मागे घेण्याचा आदेश टाईप केला.

“ताई, थांब! शनिवारी कर. शुक्रवारी माझं भाषण आहे. मागे घेतलेल्या लायब्ररीवर काय बोलू मी?”

“हात उचलत नाहीये त्यांचा.”

“आपल्यामुळेच, हे कुठे सिद्ध झालंय?”

यी-च्युनने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खरंच विचारत होता. तिने कळ दाबली. मग तक्रार पुन्हा उघडली, हसऱ्या चेहऱ्याखाली ‘चूक आमची’ असं लिहिलं आणि स्वतःचं नाव घातलं.

संध्याकाळी सहापर्यंत एवढं कळलं होतं. मागे घेतलेली आवृत्ती नव्याने कोणाला मिळत नव्हती. पण ज्यांनी ती आधीच जोडली होती त्यांच्याकडे ती चालूच होती, आणि ते किती जण याचा कोणालाच पत्ता नव्हता. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेतून पो-छेंगचं नाव निघालं नव्हतं. त्सोउ आजोबांच्या मेंदूचं स्कॅन झालं होतं; अहवाल यायचा होता. पानांची एक प्रत कोणीतरी परस्पर दुसऱ्या सर्व्हरवर ठेवली होती. तिथे ३८चं उत्तर अजून १९४९ होतं आणि खाली तपासणाऱ्याचं नाव होतं.