कोरड्या मोटरचा आवाज

दादांना होडीतलं सगळं कळत होतं, फक्त मोटरच्या आत काय असतं तेवढं सोडून, आणि ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला कळू दिली नव्हती. उतारूंना या काठावरून त्या काठावर नेणं हे त्यांचं काम. मोटर उघडणं धाकट्या भावाचं. पाच वर्षांपूर्वी दोघांचं फाटलं आणि मोटर बाजारातल्या मेकॅनिककडे गेली.

यंदा हंगाम चार दिवसांवर आला आणि मेकॅनिकने हात वर केले. पुढच्या महिन्याशिवाय जमायचं नाही म्हणाला. दादांनी फोनवर त्याला चार शब्द सुनावले आणि बायकोला म्हणाले, "त्यात काय एवढं? मीच बदलतो." बायको चष्मा आणि मोटरबरोबर आलेलं पुस्तक घेऊन धक्क्यामागच्या शेडमध्ये आली. इतक्या वर्षांत त्या पुस्तकाची पानं एकमेकांपासून सुटलीही नव्हती.

बदलायचं होतं ते इंपेलर नावाचं तळहाताएवढं रबरी चाक. मोटरचा जो पाय पाण्यात बुडतो, त्याच्यात ते बसलेलं असतं आणि बाहेरचं पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवतं. ते बिघडलं की मोटर तापते आणि भर पाण्यात बंद पडते. मेकॅनिक आल्यापासून दर हंगामात हेच होत होतं. "हल्लीचे पार्टच तकलादू," असं दादा सगळ्यांना सांगायचे. मेकॅनिकही मान डोलवायचा. त्याचं काय जातंय!

मोटर लाकडी घोड्याच्या चौकटीवर टांगलेली होती. पाच बोल्ट निघाले, तरी पाय जागचा हलेना. दादांनी ओढला, हिसडला, हातोड्याने ठोकला, मोटर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"सहावा आहे," बायको पुस्तकातून नजर न काढता म्हणाली. "मागच्या छोट्या पंखाखाली. तो पंख आधी काढायचा, असं पहिल्याच ओळीत लिहिलंय."

"मग पहिल्याच ओळीला बोलायचंस ना."

"तुम्ही कधी कुणाला पहिल्या ओळीला बोलू दिलंय?"

दादांनी पंख काढला आणि सहावा बोल्ट सोडवला. पाय खाली आला, पंपाचं झाकण निघालं, आणि आतलं जुनं चाक हातात आलं. त्याच्या पात्यांच्या कडा जळून काळ्या पडल्या होत्या, दोन पाती तर वितळून एकमेकांना चिकटली होती. "बघ, काय माल घालतो मेला," दादा म्हणाले. नव्या चाकाला त्यांनी साबणाचं पाणी लावलं, चाक दांड्यावर पक्कं धरणारी नखाएवढी चावी खाचेत बसवली आणि दांडा हळूहळू फिरवत झाकण खाली दाबलं. सगळी पाती शहाण्यासारखी एकाच बाजूला वाकून आत गेली. दादांना कोण आनंद झाला. पंप जसा काही त्यांनीच शोधून काढला होता.

सगळं परत जुळवायला दुपार झाली. मग दादांनी दरवर्षी करायचे तेच केलं. हंगामाआधी मोटर घोड्यावरच एक मिनिट चालू करायची. त्याला ते मोटर जागी करणं म्हणत. तो आवाज सगळ्या धक्क्यावर घुमायचा, दुकानदार बाहेर येऊन हात हलवायचे, आणि दादांची छाती वर्षभर पुरेल एवढी फुगायची. आजही ती फुगली. त्यांनी मोटर बंद केली तेव्हा बायको उभी राहून पुढचं पान वाचत होती.

"अहो," ती म्हणाली, "इथे ठळक अक्षरात आहे. पाय पाण्यात नसताना मोटर चालू करू नये. चाक पाण्यावाचून फिरलं तर अर्ध्या मिनिटात जळतं."

"काहीतरीच. वीस वर्षं करतोय मी."

पण जळक्या रबराचा वास येत होता. दादांनी पुन्हा सहाही बोल्ट काढले. तासाभरापूर्वी बसवलेलं चाक बाहेर आलं. पात्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या आणि एक पातं वितळून झाकणाला चिकटलं होतं. दादांनी ते जुन्या चाकाशेजारी ठेवलं. दोन्ही एकाच तऱ्हेने जळली होती.

दादा खाली फरशीवरच बसले. मोटर धाकट्याच्या हातात होती तेव्हा ती कधी तापली नव्हती. मोटर जागी केली की दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकटाच शेडमध्ये यायचा. कशाला विचारलं तर म्हणायचा, बोल्ट आवळायला. फक्त पाच वर्षांपूर्वी तो आला नाही, कारण तो काविळीने अंथरुणाला खिळला होता. त्याच हंगामात मोटर भर पाण्यात बंद पडली, आणि बाजारातल्या मेकॅनिकने उघडली तर आतलं चाक जळकं निघालं. धाकटा बरा होऊन धक्क्यावर आला, तेव्हा आठ उतारूंसमोर दादा त्याला म्हणाले होते, "जुनंच चाक पुसून बसवलंस आणि मला नवं म्हणून सांगितलंस. खोटारडा आहेस तू." धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला होता आणि तो निघून गेला होता. त्याचा तेव्हाचा चेहरा दादांना आत्ता दिसला. तेव्हा त्यांनी तो नीट पाहिलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा धाकट्याच्या दारात उभे राहिले. तो आता लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि कामाचे कपडे घालून निघायच्या तयारीत होता. केस पांढरे झाले होते. त्याने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं.

"तू दरवर्षी पहाटे येऊन चाक बदलायचास," दादा म्हणाले.

"हो."

"मी जाळतोय हे मला का नाही सांगितलंस?"

"तुला तो आवाज किती आवडायचा, दादा. एका चाकासाठी कशाला हिरमोड करायचा?"

"आणि त्या दिवशी धक्क्यावर? तेव्हा तरी बोलायचंस."

"आठ माणसं उभी होती. त्यांच्यासमोर तुझी चूक काढायची?" धाकटा बुटाची नाडी बांधायला वाकला. "म्हटलं, दादा एकदा स्वतः उघडून बघेल, त्याला आपोआप कळेल."

दादा म्हणाले, "चुकलं माझं. फार चुकलं. परत ये."

धाकटा नाडी बांधून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर दादांना बरं वाटलं असतं.

"हंगामाआधी मी मुद्दाम धक्क्याच्या रस्त्याने जायचो," तो म्हणाला. "मोटरचा आवाज आला की कळायचं, दादाने अजून उघडून बघितलेलं नाही. पहिली दोन वर्षं घरी येऊन जेवण जायचं नाही मला. कालही त्याच रस्त्याने येत होतो, कामावरून. ऐकला आवाज." त्याने पिशवी खांद्याला लावली. "पण आता काही वाटत नाही, दादा. नुसता आवाज येतो."

तो दाराला कुलूप लावेपर्यंत दादा जिन्यात थांबले. मग दोघं बरोबरच खाली उतरले आणि फाटकापाशी धाकटा त्याच्या कामाच्या रस्त्याला वळला.