ओरेस्टच्या काठीचा बाक

“बाक जितका खोल, तितकी चकती आभाळात, लेका!” गोठलेल्या तळ्यावर आइस हॉकी शिकवताना वडील ओरडायचे, ते ओरेस्टच्या कानात अजून होतं. तरी साठीला टेकल्यावर त्याने पोरासोरांसारखी, पात्याला खोल बाक असलेली लाकडी हॉकी स्टिक घेतलीच. मग काय, गोलचं जाळं राहिलं बाजूला आणि त्याची चकती दर सामन्यात मैदानाभोवतीची काच ओलांडून कँटीनमध्ये, त्याच्या बायकोच्या कॉफीच्या पिंपावर ठणकन आदळू लागली.

“आणखी एक वर गेली ना म्हाताऱ्या, तर संघातून सुट्टी!” कप्तान मायरनने दम दिला.

शनिवारी मात्र चकती बर्फाला बिलगून सरसरत गेली ती थेट जाळ्यात. ओरेस्ट छाती फुगवून कँटीनशी आला.

“बघितलंस, डारिया? बसला हात! असल्या बाकाला अंगात कसब लागतं.”

डारियाने त्याला गरम पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, वाढल्या. तीच बढाई तो पुन्हा मारू लागला, तेव्हा तिला हसू आवरेना.

“कसब माझं रे, राजा. काल पेरोगी उकडताना पातेल्याच्या वाफेवर तुझी काठी धरली, दाराच्या फटीत दाबून निम्मा बाक काढला, आणि तुला कळू नये म्हणून पात्यावर काळी पट्टी गुंडाळली.”